गाढवाला शेंदूर लावायचा नाही

नवीन पनवेलात माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि तिथं गिऱ्हाईक एकदा डोळे तपासायच्या खुर्चीत बसलं की माझ्या तावडीतून सुटत नाही. हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला, हलायची सोय नाही. अशा वेळी मी त्याला इतिहास सांगतो. शाळेतला नव्हे. शाळेतला इतिहास घोड्यावर बसून येतो आणि धुरळा उडवून जातो. माझा इतिहास पायी चालणारा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे मराठी ज्यू तेली आपल्याच किनाऱ्यावरचे, हे मी ‘आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?’ विचारता विचारता सांगून टाकतो. बायको म्हणते, “लोक नंबर काढायला येतात आणि तुम्ही त्यांचा अंत बघता.” बघतो. बावीस वर्षं बघतोय आणि सोडायचा विचार नाही.

एका वर्षी उन्हाळ्यात एक म्हातारी दुकानात आली. पंचाहत्तरीची असेल. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नाकात ठसठशीत फुली, आणि चालण्यात असा रुबाब की मी आपोआप उठून उभा राहिलो. खारघरच्या वाटेवर एक जुनं गाव आहे. चारही बाजूंनी टॉवर उठलेत आणि मधे गाव मुठीत धरल्यासारखं राहिलंय, तिथली ती. मुलगा बिल्डर. गावात त्याला शेठ म्हणतात. शेठची आई रिक्षानं एकटी आली होती.

“डाक्टर, मना चष्मा पायजे,” ती म्हणाली. मी डॉक्टर नाही, पण ही पदवी मी कधीच नाकारत नाही.

“वाचायला हवाय का, मावशी?”

“वाचाया कशाला? मना काय परीक्षेला बसायचंय? बगाया पायजे.”

अक्षरओळख नसलेल्यांसाठी आमच्याकडं वेगळा तक्ता असतो. त्यात एकच खूण असते, कधी वर तोंड केलेली, कधी खाली, कधी डावीकडे. तोंड कुठं आहे ते बोटानं दाखवायचं. मावशीनं दोन ओळी बरोबर दाखवल्या आणि तिसरीला थांबली.

“या सगल्या तोंड फिरवून बसल्यात,” ती म्हणाली. “आमच्या गावच्या बाप्यांवानी.”

खुर्चीतलं माणूस मला गोष्ट सांगतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी मुकाट्यानं ऐकलं.

गावाच्या जुन्या शिवेवर, भेंडीच्या झाडाखाली (भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावरचा मोठा वृक्ष), शितळाई आहे. कमरेएवढा उभा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून चढून त्याचा आकार गेलेला. वर काहीतरी गोल, खाली एक बाई आणि एक गाढव, एवढं हाताला लागायचं. शितळाईचं वाहन गाढवच, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून दर मंगळवारी तिथं दिवा लावते. तिच्या पाचही पोरांचा गोवर त्या दगडाच्या पायाशी उतरला. त्या वैशाखात उन्हानं शेंदराची खोळ तडकली आणि एका सकाळी अख्खी गळून पडली. आईनं खोळ सोडली म्हणजे मोठा दिवस. गावातले पुरुष नारळ घेऊन धावले. आणि नारळ न फोडताच परत आले.

“तवापासना कोन काय बोलत नाय,” मावशी म्हणाली. “माजा शेठ बोलतो, आये, जयपूरवरनं संगमरवराची मूर्ती आनतो, नव्या बिल्डिंगच्या गेटाजवल देऊल बांधतो. जुना दगड खाडीत सोडू. मी बोलले, का? तर खाली बगतो. सुना तोंडाला पदर लावतात. मी हात फिरवून बगितला तर आयचं काय वेगलंच लागतंय. माजी आय माज्याच डोल्यानं बगायची हाय मना, ती खाडीत जायच्या आदी.”

“कधी नेणार आहेत?”

“सोमवारी. मना लेकीकडं उरनला धाडतायत, तवर उरकून घेनार.”

एरवी मी चष्म्याला चार दिवस लावतो. हा मी दुसऱ्या दिवशी तयार केला, आणि रविवारी दुकान बंद ठेवून स्वतः पोचवायला गेलो. सेवाभाव वगैरे काही नाही. खोळ उतरलेला जुना दगड मला बघायचा होता.

भेंडीखाली पोचलो. दगडाकडं पाहिलं. वर सूर्य आणि चंद्र. मधे झिजलेल्या तीन ओळी. खाली एक बाई, आणि तिच्यावर एक गाढव. वाहन म्हणून नव्हे. अजिबात नव्हे.

गद्धेगाळ! ठाण्यापासून अलिबागपर्यंत असे दगड सापडतात. आठशे, हजार वर्षांपूर्वी राजा एखादी जमीन दान द्यायचा आणि तिच्या शिवेवर असा दगड उभा करायचा. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालेल. आणि जो कोणी ही जमीन बळकावेल, त्याच्या आईला गाढव... पुढचं क्रियापद मी दुकानात उच्चारत नाही, पण राजानं ते कोरून घेतलं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांची गैरसोय नको म्हणून खाली चित्रही काढून घेतलं. पाठ्यपुस्तकात राजांच्या मुद्रा छापतात, शिव्या छापत नाहीत. म्हणून ही गोष्ट आपल्याला ठाऊक नसते.

आनंदानं मी नाचायचाच बाकी होतो. तेवढ्यात मावशीनं चष्मा चढवला.

ती बराच वेळ बघत राहिली. जवळ गेली. मागं आली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“डाक्टर, हे काय हाय?”

“मावशी, ते... जुन्या काळी जमिनीची खूण म्हणून...”

“जमिनीची खूण मना दिसतंय व्हय? हे गाडव काय करतंय?”

मग सांगितलं सगळं. शक्य तेवढं सभ्य भाषेत, आणि बराच वेळ भेंडीच्या पानांकडं बघत. ऐकून घेतल्यावर ती हळूच म्हणाली, “मंजे ही आय नाय. ही गाली हाय.”

“शाप आहे.”

“आनि मी पन्नास-पंचावन वर्सं गालीला कुकू लावलं.”

मला वाटलं, आता ही रडणार. इतिहासाच्या नादात एका म्हातारीचा देव काढून घेतला आपण. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. दगडाला धरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येईपर्यंत हसत होती.

“म्हनून नारल परत नेले होय! मेले, बाप्ये लाजले! घरात या गाल्या दिवसातना दहा येला तोंडात, आनि दगडावर दिसली तर लाजले!”

हसू ओसरल्यावर तिनं मला एक प्रश्न विचारला. या विषयावर हाती लागेल ते सगळं मी वाचलेलं आहे, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“जमीन पोरगा चोरनार. मग गाडव आयवर का?”

“तशी पद्धत होती तेव्हा.”

“त्या राजाला आय नवती का रं?”

मग तिनं पदर खोचला. “उद्या मी उरनला जात नाय. तू सकाली ये. चष्म्याची पेटी नको आनू, तोंड आन. तुजं तोंड बरं चालतं.”

सोमवारी मी दुकानाच्या शटरला ‘लग्नास गेलो आहे’ अशी पाटी लावली आणि गेलो. भेंडीखाली जेसीबी उभा होता. नवीन धोतर नेसलेले भटजी होते, गावातले दहा-बारा पुरुष होते, आणि पांढऱ्या शर्टातला शेठ. माझ्याच वयाचा, दांडगा, पण त्या घडीला शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा अवघडलेला.

“आये, तू गेली नाय?”

“माजा चष्मा आलाय. म्हटलं बगावं, माज्या मागं काय काय चाललंय.”

“घरी चल. हितं काय नाय बगाया.”

“बगितलं मीनी सगलं.”

शेठचा चेहरा पडला. तो आवाज खाली आणून म्हणाला, “आये, हे घान हाय. उद्या लोक फ्लॅट बगाया येतील. त्यांच्या बायका, पोरी येतील. गेटाजवल हे दिसलं तर काय बोलतील आपल्याला? मी तुजी इज्जत राखतंय ना?”

त्याचं काही खोटं नव्हतं. मूर्ती त्यानं खरंच मागवली होती. जुन्या दगडाला खाडीपर्यंत वाजत न्यायला बॅन्जोवालेसुद्धा सांगून ठेवले होते. आईनं आयुष्यभर कशाला हात जोडले हे तिला कधी कळू नये, एवढीच त्याची धडपड. आणि त्याच जागी गेटही व्हावं.

“डाक्टर,” मावशी म्हणाली, “वाच.”

आता माझा प्रवेश होता आणि मी तो सोडणार नव्हतो. भेंडीच्या मुळावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि दगडाकडं हात केला. कबूल करतो, तीन ओळींतली अक्षरं मला जेमतेम सात-आठ लागत होती. पण या दगडांचा मजकूर मला तोंडपाठ आहे. सगळीकडे थोड्याफार फरकानं तोच असतो. मी खोटं वाचलं नाही, पुसलेलं वाचलं. ही जमीन गावाच्या देवाला दिली आहे. सूर्य-चंद्र आहेत तोवर दिली आहे. जो कोणी ती हिरावून घेईल, हा दगड हलवील, त्याच्या आईला... आणि या वेळी मी क्रियापद गाळलं नाही. खणखणीत म्हटलं. भटजींनी कानावर हात ठेवले, पण उशिरा ठेवले.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग एकेकाची नजर शेठवरून निघाली आणि त्याच्या आईवर जाऊन थांबली. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

मावशीनं लुगडं सावरलं आणि दगडाला पाठ लावून खाली बसली.

“चल, उचल,” ती लेकाला म्हणाली.

“आये, उठ ना. लोक बगतात.”

“बगूंदे. मना पन चष्मा लागलाय, मी पन बगतंय.” तिनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “दगड हलवनार तू. नफा तुजा, गेट तुजं. शाप कुनाला? मना. मग परवानगी कुनाची पायजे?”

शेठनं जेसीबीकडं बघितलं.

“कुनाची पायजे, बोल रं!”

“तुजी,” शेठ म्हणाला.

“मी देत नाय.”

भटजी मधे पडले. “आजी, पण ही देवी नाही हो. शास्त्राप्रमाणं हिची पूजाच होऊ शकत नाही.”

“तुमचं शास्तर तुमच्या घरी,” मावशी म्हणाली. “माजी पोरं तापानं फनफनायची तवा मी हितं बसायचे. ताप उतरायचा. तवा ही गाली नवती, माजी आय होती. एका बाईला राजानं हितं बांदून ठेवली, दुसऱ्याच्या पापासाठी. तिला आमी बायांनी कुकू लावलं, हलद लावली, साडी नेसवली. आमी नाय चुकलो. चुकला तो राजा.”

हजार वर्षांच्या राजाज्ञेचा निकाल त्या बाईनं जमिनीवर मांडी घालून दोन मिनिटांत लावला. मी टाळ्या वाजवणार होतो, पण शेठ माझ्याकडं बघत होता.

जेसीबी परत गेला. बॅन्जोवाले तेवढे आले, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मावशीनं त्यांना तिथंच वाजवायला लावलं.

शेठला गेट सात पावलं डावीकडं घ्यावं लागलं. तिथं भिंत दगडाला वळसा घालून जाते, आणि नवीन राहायला आलेले लोक ‘इथं भिंत वाकडी का?’ असं विचारतात. संगमरवरी मूर्ती गेटच्या आत बसली. तिच्यापुढं झुंबर आहे. शेठ मधे एकदा चाळीशीचा चष्मा करायला माझ्याकडं आला होता. पट्टीला कपाळ टेकवल्या टेकवल्या म्हणाला, “डॉक्टर, आज गोष्ट नको.” मी त्याला गद्धेगाळींची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

राहिला माझा आणि मावशीचा तंटा. दगड वाचला त्याच्या पुढच्याच मंगळवारी ती शेंदराची वाटी घेऊन निघाली तेव्हा मी तिला अडवलं. म्हटलं, मावशी, आता शेंदूर नको, इतिहास परत झाकला जाईल. लोकांना बघू दे, अभ्यासकांना बघू दे. ती म्हणाली, “तुज्या इतिहासासाठी त्या बाईला आजून किती वर्सं उगडी ठेवू?” आणि मला हातानं बाजूला करून तिनं बाईला डोक्यापासून पायापर्यंत शेंदूर लावला. चेहरा आला, खांदे झाकले, पोट झाकलं. सूर्याला एक बोट, चंद्राला एक बोट. मग तिनं वाटी खाली ठेवली.

“आणि गाढव?” मी विचारलं.

“त्याला लावायचा नाय. त्याला दिसूंदे, कोन येतंय ते.”

आता मी दर काही महिन्यांनी तिच्या चष्म्याचे स्क्रू आवळायला जातो. बाई शेंदराखाली पुन्हा गोलसर, आईसारखी होत चाललीये. गाढव मात्र तसंच काळं, उघडं, कान टवकारून नवीन गेटाकडं तोंड करून उभं आहे.