वैजू आणि खाजणातला ट्रॅक

वैजूच्या भावाचा, रमेशदादांचा फोन दुपारी आला. त्यांचा आवाज मी फोनवर आधी कधी ऐकलाच नव्हता. त्या घरातून फोन यायचा तो वैजूचा, नाहीतर वहिनीचा. म्हणून "सुलभा, मी रमेश" एवढं ऐकताच मी उभी राहिले. "वैजू गेली," ते म्हणाले. "सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, आणि बोलता बोलताच..." फोन त्यांनी ठेवला नाही. मीही तसाच धरून राहिले. पलीकडे कुणीतरी रडत होतं, वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी अर्धी चिरून खिडकीशी जाते, तिथून उगाच जिन्यापर्यंत जाऊन येते. वैजूबद्दल लिहायला घेतलं तरी दर चार ओळींना उठते आहे. तिला हे कळलं असतं तर ती हसली असती, कारण माझं बूड स्थिर आणि तिचं नाही, असं ती आयुष्यभर सांगत आली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरगावातली भाड्याची खोली सोडून आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहायला आलो आणि मला वालीवच्या एका लहान कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली. शेजारच्या गाळ्यात लेथ आणि वेल्डिंगची कामं चालायची. एकदा तिथे माझ्याच वयाची एक मुलगी लेथवाल्याशी हुज्जत घालताना दिसली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, गालावर ऑइलचा काळा पट्टा आणि हातात मोटरसायकलचा फुटरेस्ट. "वळताना गाडी वाकवली की हा जमिनीला घासतो, मला तो वर उचलून हवाय," ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण चालवणार कोण आहे?" शेवटी तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या स्टोअरमध्ये गोल कानस मिळेल का? मीच करते." मी कानस दिली. ती परत करायला आली तेव्हा "चल, कशासाठी घेतली होती ते दाखवते" म्हणून मला मोटरसायकलवर मागे बसवून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या त्यांच्या जमिनीवर, घेऊन गेली. तिच्या मागे बसण्याचा तो पहिला अनुभव. उतरल्यावर मला घरी जाऊ नये असं वाटत होतं.

वैजूचं घर वसईच्या पश्चिमेला, केळी आणि पानवेलींच्या वाडीत. तिथले जुने बागायतदार ते. पण खाडीच्या बाजूला पूर्वेला त्यांची भाताची खाजण जमीनही होती. एका पावसाळ्यात खारबांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं आणि जमीन खारावली. बांध पुन्हा घातला, तरी भात काही धरेना. उन्हाळ्यात ते शेत पाटीसारखं टणक व्हायचं. वैजूचे मोठे भाऊ रमेशदादा एकदा सहज त्याच्यावर मोटरसायकल फिरवायला गेले, आणि ते सहज फिरवणं काही संपलंच नाही. त्यांनी रोलर आणला, वळणं आखली, वळणांच्या बाहेरच्या कडेला जुने टायर आणि पेंढ्याचे भारे रचले. धर्मा म्हणून खाडीकाठच्या गावातले एक म्हातारे गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या बांधाची राखण करणाऱ्या घरातले होते. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "भाताला नाय झाली ती जमीन, आता फटफटीला होनार." पहिल्या वर्षी आसपासच्या गावांतली पोरं आणि वालीवचे मेकॅनिक एवढेच होते. नंतर पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून लोक गाड्या टेम्पोत घालून येऊ लागले. पावसाळ्याआधीचे ते थोडे महिने खाजणाला जत्रेचं रूप यायचं. गणपती मंडळाचा लाउडस्पीकर आणलेला असायचा. "तुझा आवाज खणखणीत आहे, माइक धर," असं वैजूनं फर्मावलं आणि मी, ऑफिसात सुद्धा मान खाली घालून बसणारी, बांधावर उभी राहून कोण पुढे, कोण मागे हे ओरडून सांगू लागले.

वैजू स्वतः शर्यतीत उतरली ती दुसऱ्या वर्षी. हेल्मेट घालून ओळीत जाऊन उभी राहिली, तेव्हा पुण्याच्या एका स्वारानं हरकत घेतली. बाईबरोबर शर्यत लावायची म्हणजे जिंकलो तरी हसं, असं त्याचं म्हणणं. रमेशदादा शांतपणे त्याच्यापाशी गेले. "ही जमीन तिच्याही नावावर आहे," ते म्हणाले. "ज्याला तिच्यासोबत पळायचं नाही त्यानं बांधाबाहेर उभं राहावं, सावली आहे तिकडे." तो शर्यतीत पळाला. वैजू त्याच्या पुढे गेली आणि एकंदरीत चौथी आली. आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो आणि ती धुळीनं माखलेल्या तोंडानं खाली बसून काडीनं मातीत वळण काढत होती... "इथं मी ब्रेक लवकर दाबला. बघ ना, इथं." त्या भावा-बहिणीचं घरातलं बोलणं वाडीतल्या त्यांच्या बोलीत चालायचं, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण जेवताना ताटातल्या भातावर बोटानं ट्रॅक काढून दोघं भांडायची, आणि वहिनी, म्हणजे रमेशदादांची बायको, "आधी जेवा, मग पळा" म्हणत वरण वाढायची, हे चित्र मला भाषेशिवाय समजायचं.

ज्या वर्षी सगळं संपलं त्या वर्षी गर्दी सगळ्यात जास्त होती. धूळ बसवायला ट्रॅकवर पाणी मारावं लागे. त्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. विरारकडे नव्या इमारतींना पाणी नव्हतं, तो तिकडे वळवला होता. दुपारपर्यंत धूळ एवढी झाली की मला माइकवरून फक्त आवाज ओळखावे लागत होते. वैजू बांधावरून उतरून दादांकडे गेली. "शेवटची शर्यत रद्द कर," ती म्हणाली. "मघाच्या शर्यतीत मला पुढची गाडी दिसत नव्हती." दादा हातमोजे चढवत होते. "लोक इतक्या लांबून आलेत, वैजू. थोड्या फेऱ्या कमी करू." ती त्या शर्यतीत उतरली नाही, माझ्याशेजारी उभी राहिली. खाडीकडच्या वळणावर कुणीतरी घसरून पडलं होतं, ते मागच्यांना दिसलंच नाही. दादांना अगदी जवळ आल्यावर दिसलं असावं. त्याला वाचवायला त्यांनी गाडी बाहेर काढली आणि टायर, पेंढा, बांध सगळं ओलांडून ते पलीकडे दगडांवर गेले. घसरलेला मुलगा कपडे झटकत उठला. दादा उठले नाहीत.

तिथे अँब्युलन्स नव्हती. कुणाला सुचलीच नव्हती. केळी वाहायच्या टेम्पोत गाद्या घालून त्यांना मुंबईला नेलं. वैजू मागे त्यांचं डोकं मांडीवर घट्ट धरून बसली होती. हायवेवरच्या प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला ओरडून सांगायची, "हळू," आणि लगेच, "थांबू नको." दादा वाचले. पण कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच.

मला वाटलं होतं की आता खाजणाचं नाव त्या घरात कुणी काढणार नाही. पण पुढच्या हिवाळ्यात दादांनीच काढलं. पलंगावर पडल्या पडल्या ते बोलावणी पाठवायची भाषा करू लागले. मी त्या दिवशी त्यांना भेटायला गेले होते. वैजू दारात उभी होती. ती म्हणाली, "ट्रॅक बंद झाला, दादा." ते म्हणाले, "बंद करायचा होता तर मी पडलो कशासाठी?" मग वैजू अगदी हळू आवाजात, पण मला कळेल अशा मराठीत म्हणाली, "तुझ्या पडण्याला अर्थ यावा म्हणून मी आणखी कुणाला पाडू?"

दोन दिवसांनी मोठी भरती होती. आपल्या तुकड्याभोवती आतला बांध आहे, शेजाऱ्यांच्या शेताला धक्का लागणार नाही याची तिनं खात्री करून घेतली आणि धर्मांना घेऊन खाजणात गेली. बांधात पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी फळ्यांची दारं असतात, उघाडी म्हणतात त्यांना. धर्मा तिला म्हणाले, "बाय, पानी आत घेतलंस तर जमीन परत हाताला येनार नाय." ती म्हणाली, "फळ्या काढा, काका." त्यांनी पहिली काढली, बाकीच्या तिनं स्वतः उपसल्या. पाणी वळणावळणानं आत आलं, आधी ट्रॅकच्या चाकोऱ्यांमधून, मग सगळीकडे. हे मला तिनंच सांगितलं. सांगताना ती आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती.

दादा तिच्याशी बोलायचे थांबले. एकाच घरात, कितीतरी वर्षं. त्यांना कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं, आंघोळ घालणं, सगळं वैजू वहिनीच्या बरोबरीनं करायची, पण शब्द वहिनीमार्फत जायचे. "वहिनी, त्याला म्हणावं हात वर कर." लग्नाचं विचारलं की ती विषय बदलायची. जुने स्वार मला भेटले की तिला नावं ठेवायचे. त्यातला एक तर म्हणाला, "असा ट्रॅक मुंबईच्या आसपास दुसरा नव्हता, बाईनं बुडवला." त्या धुळीत मी जी माणसं आनंदानं वेडी झालेली पाहिली ती खोटी नव्हती, आणि टेम्पोच्या फळीवरचं रक्तही खोटं नव्हतं. वैजूनं पुन्हा मोटरसायकलला हात लावला नाही. तिनं एक जुनी व्हॅन घेतली, मागची बाकं काढून स्ट्रेचर बसवलं, आणि वाडीतल्या, खाडीकाठच्या कुठल्याही गावातून फोन आला की निघायची. बाळंतिणी, म्हातारी माणसं, कारखान्यात हात सापडलेले कामगार... किती जण तिच्या गाडीतून मुंबईपर्यंत जिवंत पोचले कोण जाणे.

मग एका मार्च महिन्यात, कुणी काही न सांगता, तिनं दादांना उचलून व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि खाजणात नेलं. वहिनी मागे होती, तिनं मला हे सांगितलं. बांधावर गाडी थांबली. आत सगळीकडे खाऱ्या पाण्यातली तिवरांची झाडं माजली होती, बगळे बसले होते. शेवटी दादांनी विचारलं, "तुझं ते ब्रेकचं वळण कुठलं?" वैजूनं बोट दाखवलं. ते म्हणाले, "नाही, ते त्याच्या अलीकडे." आणि दोघं भांडायला लागली. त्या दिवसानंतर ती दोघं एकमेकांशी बोलू लागली. मी वैजूला विचारलं, कोण चुकलं होतं ते ठरलं का? ती म्हणाली, "ते नाही ठरलं. वळण मात्र त्याचंच बरोबर होतं."

गेल्या आठवड्यात मी वाडीत जाऊन आले. दादा ओट्यावर चाकांच्या खुर्चीत होते. वहिनी चहा घेऊन आली, तेवढ्यात आत फोन वाजला. तिनं घेतला, थोडं ऐकलं आणि दारातून दादांकडे पाहिलं. दादांनी विचारलं, "कोण आहे?" ती म्हणाली, "कोळीवाड्यातून. म्हाताऱ्याला श्वास लागलाय." दादा म्हणाले, "मग जा." मला वाटलं ती कुणा ड्रायव्हरला बोलवेल. पण वहिनीनं पदर खोचला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. वैजूनं तिला केव्हा शिकवलं मला माहीतही नव्हतं. गाडी केळींच्या मधून गेली आणि आवाज विरला.

आम्ही दोघं ओट्यावर राहिलो. दादांच्या हातांना चैन नव्हतं. खुर्चीची चाकं जरा पुढे, जरा मागे, सारखी. चहा निवला. "वैजू व्हॅन घेऊन गेली की मी असाच बसायचो," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "बोलत नव्हतो, तेव्हा पण. गाडीचा आवाज आला की आत जायचो. तिला वाटायचं, मी झोपलेला असतो."

ऊन कलल्यावर व्हॅन आली. वहिनीनं ती फाटकाशी थांबवली, वळवली आणि मागे बघत बघत हळूहळू उलटी आत घेतली, तोंड रस्त्याकडे करून. वैजू तशीच लावायची, निघताना वळवण्यात वेळ जाऊ नये म्हणून. या वेळी दादा आत गेले नाहीत.