कोंबडीच्या कमरेतला तोल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, सोलापुरात इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर प्राणिशास्त्र शिकवतो त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

सुवर्णा माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. मंद्रूपची, घरी शेती, दारात चार कोंबड्या. प्रकल्पासाठी तिनं एक कोंबडी काठीवर बसवली, फडक्यानं डोळे बांधले, डोकं स्वतःच्या हातात घट्ट धरलं आणि आईला काठी हळूहळू फिरवायला लावली. कोंबडी पडली नाही. शेपटी झुकवून सावरली. "सर, डोकं हललंच न्हाय, मग कानाला कसं कळलं? तोल कमरेत बी हाय बगा." मी वर्गासमोर हसलो. तोलाचं इंद्रिय कानात — वर्षानुवर्षं तेच शिकवत आलो होतो ना.

मग तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी एक लेख हाती लागला. पक्ष्यांच्या कमरेच्या मणक्यांत, मज्जारज्जूपाशी, द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात. शरीर कललेलं पक्ष्याला तिथूनही कळत असावं, असं त्यात होतं. म्हणजे पोरगी बरोबर होती. लेख छापून मी बॅगेत ठेवला. तिला उद्या देऊ, उद्या देऊ — पण हसलो होतो मी. कोणत्या तोंडानं देणार?

बाहेरून आलेले परीक्षक माझ्या बढतीच्या समितीवरही होते. "कोंबडीच्या कमरेत कान?" म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅग माझ्या पायाशी होती. आणि मी — मी म्हणालो, "मी सांगितलं होतं हिला. ऐकत नाही."

सुवर्णानं वही मिटली. ती नापास झाली, पुन्हा परीक्षेला बसली नाही. मला बढती मिळाली.

यंदा ती मुलीच्या प्रवेशासाठी आली होती. आता कुर्डुवाडीला असते, ब्लाऊज शिवते. मुलीला म्हणाली, "या सरांनी लई समजावलं होतं मला. माझंच डोकं चालत न्हवतं." तेव्हा तरी बोलायला कुणी अडवलं होतं? खोलीत आम्ही तिघंच तर होतो. मी मुलीला विचारलं, कोणती शाखा घेणार?

"आई म्हणते, सायन्स नको."

मी फॉर्मवर सही केली.