पानातली वात

आज शिऱ्यासाठी रवा तुपात परतायला घेतला आणि त्या वासासरशी मानवतच्या घरातल्या त्या दुपारी आठवल्या. एका जुन्या गाजलेल्या कादंबरीवर आईचा फार जीव होता. कादंबरीच्या शेवटी रागानं घर सोडून गेलेली लेक परत येत नाही, माय दारात वाट बघत बसते. त्यावरून आई त्या लेखकावर कित्येक वर्षं रुसलेली होती. मग दुसऱ्या कुणीतरी कादंबरीचा पुढचा भाग लिहिला, तो मी घेऊन आले. आईला दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायची. आई आणि शेजारणी वाती वळत ऐकायच्या. लेक गावाकडच्या एसटीत बसली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचा अध्याय राहिला आणि आईनं मला थांबवलं. "आज अमावस्या हाय. समाप्ती सोमवारी करू, शिऱ्याचा निवद दाखवून." पोथीचा नेम तिनं कादंबरीलाही लावला आणि खुणेला पानात एक वात ठेवली. शनिवारी तिला लय दम लागला. दवाखान्यात नेताना ऑटोत माझा हात घट्ट धरून तिनं विचारलं, "भेटती का गं ती मायला?" तो अध्याय मी कधीच चोरून वाचला होता. पण मोठी शहाणी मी! समाप्तीची मजा जाईल म्हणून म्हणाले, "सोमवारी कळंल की." सोमवारी आमच्या घरात चूल पेटली नाही. ती वात अजून त्याच पानात आहे. भेटते गं, आई. धावत येऊन भेटते.