मास्तरांचं दुसरं पारडं

सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात असा खडखडाट असे, की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. चेहरा बघूनच समोरचा काय म्हणतोय ते ठरवायचं. लूम दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचे डोळे लाल, नाकपुड्या फुगलेल्या आणि हातातला पाना हवेत नाचणारा. ते शिव्याच देत असणार, यात कुणालाच शंका नव्हती.

एकदा चहाच्या हातगाडीवर ते म्हणाले होते, की बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणतो, रागाचं पारडं फार जड झालंय. आता दुसऱ्या पारड्यात आभार टाकत जाणार. आम्ही माना डोलावल्या. कामावर परतलो, तर तेच डोळे, तोच पाना.

मग मीही माझी सोय केली. ते ओरडू लागले, की मी गोड हसून तोंडाला येईल ते त्यांना ऐकवायचो. मन कसं हलकं व्हायचं!

एका दुपारी पाना नाचवत ते माझ्यासमोर आले. मीही हसून सुरू झालो. तेवढ्यात वीज गेली, सगळे लूम थांबले आणि आमचं दोघांचं बोलणं साऱ्या कारखान्याला ऐकू आलं.

मास्तर त्यांच्या अहिराणीत ओरडत होते, "तू शे म्हनीसन आपलं काम चालस, भाऊ! तुना लई उपकार शेतस!"

आणि मी म्हणत होतो, "मर एकदाचा, थेरड्या!"

मास्तरांनी पाना खाली ठेवला. मग त्याच लाल डोळ्यांनी, पण अगदी हळू म्हणाले, "मना डॉक्टर चांगला शे, भाऊ. तू बी जाई ये."