पिंजलेल्या आभाळाखाली

त्या फाल्गुनात पेडगावच्या आमच्या रानातला हरभरा निघाला होता आणि खतासाठी आम्ही तिथं मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्यांची मालकीण साठीकडे झुकलेली बाई होती. तिचा नवरा पुढच्या मुक्कामाची जागा बघायला राणीसावरगावकडे गेला होता, त्यामुळे कळपापाशी ती एकटीच. मी तिला मावशी म्हणायची. मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून ती मला बाई म्हणायची.

शाळा सुटल्यावर मी तिला कालवण द्यायला गेले, तर ती मान वर करून उभी.

"बाई, आभाळ बघा की. लोकर पिंजल्यावानी झालंय. मला भ्या वाटायलंय."

निळ्या आभाळात पांढऱ्या बारीक रेघा पसरल्या होत्या, टोकाला आकड्यासारख्या वळलेल्या. त्याच दुपारी मी वर्गात फळ्यावर हेच ढग काढले होते. मला सांगायची हौस आली.

"हे तंतुमेघ, मावशी. सगळ्यांत उंचावरचे. त्यात नुसते बर्फाचे बारीक कण असतात. यातून पाऊस पडत नाही."

"खरं का? मी मेंढरं गावाजवळच्या पडक्या शेडात न्यायचं मनत होते."

"कशाला उगीच? एवढ्या लांब कोकरं दमतील."

ती म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. ऱ्हाते मग हितंच."

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. तंतुमेघ दाट होत गेले तर त्यांच्या मागून काय येऊ शकतं, तेही त्याच धड्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा उरल्या नव्हत्या. आभाळभर दुधाळ पडदा होता आणि सूर्याभोवती मोठं खळं पडलं होतं. पोरं मैदानात बोटं दाखवत होती. मी त्यांना नाव सांगितलं, स्तरतंतुमेघ, आणि मला मावशी आठवली. मावशीकडे फोन नव्हता. मधल्या सुट्टीत जाऊन येऊ, असं ठरवलं आणि पेपर तपासण्यात राहून गेलं. दुपारी पडदा राखाडी झाला. सूर्य घासलेल्या काचेमागून दिसावा तसा दिसायला लागला. वारा थांबला. शेवटच्या तासाला पश्चिमेकडं पाहिलं, तर फुलकोबीसारखा ढग उभा चढत होता. त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला होता आणि तळ हिरवट काळा पडला होता. त्याचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही. तशीच स्कूटीवर निघाले.

अर्ध्या वाटेत पहिली गार हाताच्या पाठीवर बसली. सुपारीएवढी असेल. मग लिंबाएवढ्या यायला लागल्या. मी रस्त्याकडेच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरले. पत्र्यावर असा आवाज होता की मी ओरडत होते, ते मलाच ऐकू येत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. मला रान दिसत नव्हतं आणि जाता येत नव्हतं.

पोचले तेव्हा हरभऱ्याचं रान पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात मेंढ्या आडव्या पडल्या होत्या. काही पाय झाडत होत्या. मावशी घोंगडी पांघरून गुडघ्यांवर वाकलेली होती. तिच्या पोटाखाली सहा कोकरं होती, जिवंत. तिच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि डावा हात लोंबत होता.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

ती माझ्याकडे बघून साधेपणानं म्हणाली, "तुमी पाऊस न्हाई येनार मनलात. पाऊस कुठं आला? गाराच आल्या."

ती टोमणा मारत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. ते मला जास्त लागलं.

तिला परभणीला दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. नवरा आला, मेलेली जनावरं पुरली आणि उरलेला कळप घेऊन दोघं येलदरीकडे निघून गेली. पुढच्या वर्षी ती आमच्या रानात आली नाहीत.

दोन वर्षांनी मावशी मला बाजारात भेटली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिनं माझी, शाळेतल्या पोरांची विचारपूस केली. मग आभाळाकडं बोट करून विचारलं, "आज कसं हाय वर?"

मी पाहिलं. आभाळ पूर्ण निळं होतं, रेघसुद्धा नव्हती. तरी माझ्या तोंडून 'काही येणार नाही' असं निघेना.

"मला सांगता येत नाही, मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला काय वाटतंय?"

तिनं पश्चिमेकडं बराच वेळ बघितलं. "मला ठीक दिसंना. मेंढरं आडोशाला न्हेते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून भराभरा गावाबाहेर बसवलेल्या कळपाकडं निघाली.