मागच्या भिंतीला भोक

माझा मामा चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना भोकं पाडत आला. दुसऱ्याच्या भिंतीत गज कुठे असेल ते नेमकं बोट ठेवून सांगायचा. कान मात्र त्या ड्रिलने खाल्ले. मामीला लागलेली धाप त्याला ऐकू यायची नाही. तिच्या पाठीवर तळहात ठेवून तो अंदाज घ्यायचा.

डॉक्टरांनी बजावलं, "यांना कोंदट खोलीत ठेवू नका." घराला दार एकच, तेही बोळात. मागे नाला. पंखा बसेल एवढं भोक मागच्या भिंतीला पाडायचं ठरलं.

"नाल्याचा वास येईल हो," मामी म्हणाली.

"येऊ दे. वारा तर येईल!"

ती भिंत मामाचीच करणी. एकदा नाल्याचं पाणी घरात शिरलं, तेव्हा त्याने स्वतः काँक्रीट ओतलं, चांगलं फूटभर जाड. कामावर उरलेले गजांचे तुकडे आडवेतिडवे कोंबले. "हत्ती धडकला तरी हलायची नाही," म्हणायचा. त्या बोळात हत्ती कशाला कडमडतोय! आता ड्रिल लावलं की गज, दोन बोटं सरकवलं की पुन्हा गज. कुठे काय टाकलंय ते त्याचं त्यालाच आठवेना.

"मामा, मोठ्या मशीनवाल्याला बोलव," मी त्याच्या कानाशी ओरडले.

"मग मी चाळीस वर्षं काय माशा मारल्या?"

धूळ मामीच्या छातीत जाऊ नये म्हणून तो तिला समोरच्या शिंप्याच्या दुकानापुढे स्टुलावर बसवायचा, स्वतःच्या तोंडावर ओलं फडकं बांधायचा आणि आतून कडी घालायचा. दाराच्या फटीत पोती कोंबायचा. सहा दिवस हेच.

सातव्या दिवशी दुपारी मामीचा श्वास अडकला. तोंडात मारायचा तिचा पंप आत, फळीवर राहिला होता. शिंप्याने दार बडवलं, शेजाऱ्यांनी खांद्याने धडका दिल्या. आत ड्रिल चालूच. शेवटी कडी उखडली, तेव्हा मामा भोकाला तळहात लावून उभा होता, नखशिखांत पांढरा, हसत.

"आला बघ! वारा आला!"

शिंपी पंप घेऊन धावला, पण मामी स्टुलावरून घसरून पडली होती. मामाने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. तो किती वेळ तसाच ठेवून बसला होता.

मला त्याचा भयंकर राग येतो. मशीनवाल्याने एका सकाळीत काम उरकलं असतं आणि मामी आज असती. पण सुनावणार कोणाला? त्याला ऐकूच येत नाही. आणि ऐकू आलं असतं, तरी माझी जीभ रेटली नसती.

पंखा त्याने बसवला. दिवसभर फिरतो. खोलीत आता भरपूर वारा असतो. मामी म्हणाली होती तसा नाल्याचा वासही येतो.