जाळीतून दिलेला घास

१६ फेब्रुवारी, रविवार. रविवारी डबे नसतात, म्हणून गच्चीवर पडलेला सशाचा पिंजरा खाली आणून घासायला घेतला. तारांना गंज, तळाच्या पत्र्यावर सहा वर्षांची धूळ. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंच्या घरी कुणीतरी ससा दिलाय आणि तो त्यांनी खोक्यात ठेवलाय. आमचा पिंजरा रिकामाच आहे, घेऊन जा, असं मीच म्हटलं होतं. सोडा, तारेची घासणी, गरम पाणी. तासाभराचं काम.

आमचा ससा आला तेव्हा मुलगी आठवीत होती. मस्तगड भागात आमचं घर वरच्या मजल्यावर. स्वयंपाकाच्या खोलीतूनच एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे जातात, त्यामुळे पिंजऱ्याला जागा उरली ती मागच्या दाराशी, ओट्यापासून दोन पावलांवर. मी मुलीला बजावलं, ससा तुझा, त्याचं सगळं तूच बघायचं.

तिनं बघितलं. शाळेतून आली की ती फरशीवर बसायची आणि पिंजऱ्याचं दार उघडं टाकून वाट बघायची. त्याला ओढून काढायची नाही. हात वरून न्यायची नाही, बाजूनं, जमिनीलगत न्यायची. “वरून हात आला की त्याला घार आल्यासारखं वाटतं,” असं तिनं मला सांगितलं होतं. मी कणीक मळत होते. मी म्हटलं, “अभ्यासाचं बघ.”

मी त्याला उचलायचे ते माहेरच्या, शेतातल्या घरातल्या सवयीनं, मानेला धरून, झटक्यात. पिंजरा झाडायला लागले की तो कुंच्यावर धावून यायचा, दात रोवायचा, गुरगुरायचा. ससा गुरगुरतो हे मला तेव्हाच कळलं. मी कुंच्यानंच त्याच्या नाकावर हाणायचे. चार दिवसांनी तो कुंचा दिसताच चवताळायला लागला. मुलगी म्हणाली, “आई, ते त्याचं घर आहे. आधी त्याला बाहेर येऊ दे, मग झाड. मला कुठं चावतो तो?”

“तुला चावत नाही, कारण तू त्याला लाडावून ठेवलंय,” मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी त्याला रोज द्यायचे. माहेरी पहिल्या पोळीतला घास गाईचा. इथं गाय नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी तो खिडकीत ठेवायचे आणि कावळे न्यायचे. ससा आल्यावर मी म्हटलं, चार पायांचा आहे, पाला खातो, चालेल. तव्यावरून पहिली पोळी उतरली की तुकडा मोडायचा आणि जाळीतून बोटांनी आत सरकवायचा. पन्नास पोळ्या पुढे वाट बघत असताना दार उघडायला सवड कुणाला? तो आधीच तारांशी येऊन उभा असायचा आणि तुकडा हिसकून घ्यायचा. एक-दोनदा बोटाला दात लागले. बोट पदराला पुसून मी पुढची पोळी लाटली.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची तीन वर्षांची मुलगी हे बघायला सकाळी वर यायची. उंबऱ्यात बसायची आणि मी घास दिला की टाळ्या वाजवायची.

एक दिवस मी भाजी परतत होते. मागे किंकाळी ऐकू आली. पोरीचं बोट जाळीत होतं आणि ससा सोडत नव्हता. नखाखाली खोल गेलं होतं. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन टाके. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “वहिनी, तुमचं जनावर पाळायला माझी ना न्हाई. पण पोर काय त्याचं खाणं हाये का?”

“चुकलं,” मी म्हटलं. “बंदोबस्त करते.”

तिच्यासमोरच मी मुलीला हाक मारली. “डोक्यावर चढवून ठेवला तू. माग माफी.”

मुलगी म्हणाली, “मी काय केलं ते तरी सांग.”

“माग आधी.”

तिनं मागितली. शेजारीण उलट ओशाळली. “जाऊ द्या वहिनी, लेकरूच हाये तेबी,” म्हणाली. पण मी मुलीला दुसऱ्यांदा मागायला लावली, नीट ऐकू येईल अशी.

दुसऱ्या दिवशी ससा भोकं पाडलेल्या पिशवीतून नणंदेकडे गेला. तिचं शेत जांब समर्थच्या बाजूला आहे. तिनं त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, की मुंगसानं नेला. मी मुलीला सांगितलं, शेतात मोकळा हिंडतो, मजेत आहे. तिनं भेटायला जायचा हट्ट कधीच धरला नाही. मला बरं वाटलं. हातातली कामं सोडून तिकडं कोण जाणार होतं?

आता ती संभाजीनगरला शिकते. दिवाळीत आली तेव्हा जिन्याखाली मांजरीनं पिल्लं घातली होती. शेजारणीची मुलगी, तीच, आता नऊ वर्षांची, एक पिल्लू तिच्या मांडीवर ठेवायला लागली. माझी मुलगी उठून उभी राहिली. “नको गं. माझ्या हातानं जनावर बिघडतं,” म्हणाली. हसून म्हणाली. मी फरशी पुसत होते, पुसत राहिले.

पिंजरा घासून मागच्या दाराशी उन्हात ठेवला, तोवर बाई सशालाच घेऊन आल्या, मावतो का बघायला. पांढरा, लहानसा. आत सोडल्यावर त्यानं कोपरे हुंगले. मी घरच्या पोळ्या करतच होते. हात सवयीनं गेला. तुकडा मोडला आणि जाळीतून सरकवला. बाईंनी माझं मनगट धरलं.

“ताई, तसं न्हाई द्यायचं.”

“का? पोळी चालत नाही?”

“पोळी बी नको म्हणले डॉक्टर. गवत पायजे, पाला पायजे. पण मी सांगून राह्यले ते येगळंच. जाळीतून बिलकुल न्हाई द्यायचं. त्याला सवय लागती. मंग बोट आत आलं का त्याला वाटतं, खाणंच आलं. आमच्या पोरीला चावलं ना, म्हणून तर म्या त्येला जनावरांच्या दवाखान्यात नेल्तं.”

“मग द्यायचं कसं?”

“दार उघडायचं, वाटीत ठिवायचं. अन् ताई, तुमच्या हाताला तर सदा पोळीचाच वास. तुम्हाला तर पहिलं चावंल.”

असं म्हणून त्या हसल्या. मी पिंजऱ्याची कडी लावून दिली, बसते का ते बघितलं. बाई पिंजरा घेऊन रिक्षातून गेल्या.

मी राहिलेल्या पोळ्या उरकल्या. दीड वर्षं, रविवारसुद्धा, रोज सकाळी मी आमच्या त्या सशाला शिकवत होते, की जाळीतून आलेलं बोट म्हणजे घास. आणि उंबऱ्यात बसलेल्या पोरीला शिकवत होते, की बोट असं घालायचं. कुंच्यानं हाणून त्याला हात म्हणजे मार हेही मीच शिकवलं. घरात एकटी मुलगीच त्याच्याशी बरोबर वागत होती. दोनदा माफी मागितली ती तिनं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी डब्यांच्या आधी मी मुलीला फोन लावला. पाल्हाळ लावलं नाही. जाळी, बोट, पोळी, सगळं सांगितलं. शेवटी सांगितलं, “तो मजेत नव्हता. मुंगसानं नेला होता.”

“ते माहितीये,” ती म्हणाली. “आत्यानं तेव्हाच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? माझ्यामुळंच गेला असं वाटायचं.” मग म्हणाली, “खालच्या काकूंना सांगितलंस?”

“त्यांना आता काय? सहा वर्षं झाली.”

“त्यांच्यासमोर मी माफी मागितली होती आई.”

तवा तापला होता. बाई नुकत्याच येऊन लाटायला बसत होत्या. त्यांना म्हटलं, जरा थांबा. गॅस बंद केला, हात धुतले आणि जिना उतरून शेजारणीच्या दाराची कडी वाजवली.